जिताड्याच्या अंगावर पांढरे ठिपके : मोरचूद टाकू का?

मोसंबीवाला_अंबड
९ जानेवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मोसंबीसाठी शेततळं केलं, अस्तरीकरणाचा कागद टाकला. पाणी साधारण सहा लाख लिटर. दोन वर्षं रोहू-कटला केला. औंदा डोक्यात खूळ आलं अन् ऑगस्टमध्ये जिताड्याची, म्हणजे खाडी-समुद्रातल्या माशाची, ८०० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणून सोडली. विकणाऱ्याने गोड्या पाण्याला सवय लावून दिली होती. दिवाळीपर्यंत एक नंबर वाढ. नोव्हेंबरात त्याच तळ्यात गावातल्याच एकाकडून रोहूची बोटुकली आणून टाकली, तळ्याचा खर्च निघावा म्हणून.

आता चार दिवस झाले, जिताडे मरायलेत. काल २२, आज ३१. अंगावर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके. कागदाला अंग घासतात, सकाळी पाणी पडतं तिथं गोळा होतात. खाणं बंदच. रोहूवर ठिपके थोडेच दिसतात.

व्हिडिओ बघितला. समुद्री माशांचा व्हाइट स्पॉट, त्यावर तांबं ०.२ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत ०.२ भाग) दोन-तीन आठवडे. घरात बागेसाठी आणलेलं मोरचूद (कॉपर सल्फेट, त्यात तांबंच असतं) पडलेलं आहे. टाकू का? घाईत आहे, उद्या सकाळी टाकायचं म्हणतो.

निलंग्याचा_अण्णा
९ जानेवारी, रात्री ९:३२

ज्या भागाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून पाजलं, त्या भागात आता समुद्राचे मासे पाळायलेत. चालू द्या. मोरचुदाचं मला माहीत नाही, पण द्राक्षवाल्यांना मोरचूद-चुन्याचं बोर्डो करताना बघितलंय, हात निळे होतेत.

खाडीवरचा_जिंतूरकर
९ जानेवारी, रात्री १०:०५

भाऊ, थांबा. उद्या सकाळी काही टाकू नका.

मी मूळ जिंतूरचा, सात वर्षं झाली कोकणात पिंजऱ्यातल्या मासेपालनावर कामाला आहे. जिताडा, मोडसा, पॉम्पॅनो, तिन्ही हाताळलेत. तुम्ही बघितलेला व्हिडिओ खोटा नाही, पण तो तुमच्या तळ्याचा नाही. समुद्रातल्या पांढऱ्या ठिपक्याचा जीव वेगळा, त्याचं नाव क्रिप्टोकॅरिऑन. तो गोड्या पाण्यात जगतच नाही. तुमच्याकडं दिसतोय तो बहुतेक गोड्या पाण्यातला परजीवी, इक. दिसायला दोघं सख्खे भाऊ, पण एकाला मारायला पाणी गोडं करायचं अन् दुसऱ्याला मारायला खारं.

अन् ते ०.२ पीपीएम म्हणजे पाण्यात मोजलेलं मोकळं तांबं, मोरचुदाचं वजन नव्हे. ते टाकीत, रोज किटनं मोजून देतात. तळ्यात हातानं फेकून नाही.

मला सांगा : पहाटे पाण्याचं तापमान किती? अन् रोहूची बोटुकली टाकायच्या आधी वेगळी ठेवली होती का?

मोसंबीवाला_अंबड
९ जानेवारी, रात्री १०:२१

वेगळी कशाची ठेवतो राव, पिशवी सोडली अन् ओतली. थर्मामीटर नाही. पण पहाटे पाण्यात हात घातला की मुंग्या येतेत.

मत्स्यकन्या_उदगीर
९ जानेवारी, रात्री ११:१४

दादा, मी उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. जिंतूरकर दादा बरोबर सांगताहेत, थोडी भर घालते.

मोरचुदाचा डोस गोड्या पाण्यात क्षारतेवर (अल्कलिनिटी, खारेपणा नव्हे) ठरतो. एकूण क्षारता भागिले १०० इतकं पीपीएम, हा साधा हिशोब. क्षारता ५० च्या खाली असेल तर वापरायचंच नाही, मासे तांब्यानेच मरतात. आपल्याकडं बोअरचं पाणी जड असतं, त्यामुळे तिथं उलटं होतं, मोजून न घालता टाकलेलं तांबं क्षारांबरोबर खाली बसतं आणि गुण येत नाही. शिवाय तळं हिरवं असेल तर शेवाळ एकदम मरून कुजतं, ऑक्सिजन पडतो. मग ठिपक्यांनी वाचलेले मासे गुदमरून जातात.

आधी खात्री करा. मेलेला मासा तपासायला उपयोगाचा नाही, मेल्यावर परजीवी अंग सोडून जातात. मरायला टेकलेले पण जिवंत चार-पाच मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत आणा. चिकटा आणि कल्ल्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पाच मिनिटांत कळतं. इकच्या पेशीत घोड्याच्या नालासारखं केंद्रक दिसतं आणि तो हळूहळू गोल फिरत असतो. एकदा बघितलं की विसरत नाही. उदगीर लांब पडत असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात सूक्ष्मदर्शक आहे का ते विचारा.

फवारणी_किंग
९ जानेवारी, रात्री ११:४०

एवढं कशाला? हरभऱ्यातल्या घाटेअळीवर मारतो ते इमामेक्टिन टाका. परदेशात सामन (सॅल्मन) माशाच्या उवांना हेच देतात, मी वाचलंय. आपल्या कोठीत पडलेलंच असतं.

खाडीवरचा_जिंतूरकर
१० जानेवारी, सकाळी ६:५०

किंग, अर्धं खरं वाचलंय. समुद्री उवांवर सामनला इमामेक्टिन बेंझोएट देतात हे खरं. पण ते पाण्यात ओतत नाहीत, खाद्यात मिसळून देतात, माशाच्या दर किलो वजनामागे रोज ५० मायक्रोग्रॅम, सात दिवस. मायक्रोग्रॅम! अन् ते औषध माशासाठी बनवलेलं. तुमच्या कोठीतल्या पुडीत काय काय मिसळलेलं आहे ते माशालाच कळेल. वर ते उवांवर चालतं, ऊ ही झिंग्याच्या जातकुळीतली. इकवर त्याचा काही संबंध नाही. कृपा करून कुणी हे करू नका.

मोसंबीवाला_अंबड
१० जानेवारी, दुपारी ४:३०

ताई, दादा, जाऊन आलो. नाल दिसली. मी पण बघितली भिंगातून, ताई म्हणायल्या तशीच, गरगर फिरायली. इकच आहे. कल्ल्यावर तर अंगापेक्षा जास्त. थर्मामीटर आणला, सकाळी साडेसहाला पाणी १७ अंश.

आता काय करू? मीठ टाकू म्हणतात सगळे. किती?

खाडीवरचा_जिंतूरकर
१० जानेवारी, रात्री ८:१५

१७ अंश. इथंच सगळं आलं बघा. जिताडा उबेतला मासा, त्याला २६ ते ३२ पाहिजे. २० च्या खाली गेला की खाणं सोडतो, अंगातली ताकद जाते. आमच्याकडं समुद्राचं पाणी हिवाळ्यातही एवढं थंड होत नाही. परभणी-जालन्याची थंडी या माशानं बापजन्मी बघितली नाही. त्यात रोहूबरोबर इक आला, अन् इकला थंडच पाणी मानवतं. रोहूला थंडीची थोडीफार सवय, तो तग धरतो. जिताडा पडतो.

आता मीठ. हिशोब करा. तळ्यात ३ टक्के नाही, हजारी ३ म्हणजे हजार लिटरला ३ किलो धरलं, तरी सहा लाख लिटरला १८०० किलो. अठरा क्विंटल! अन् तेच पाणी ठिबकनं मोसंबीला जाणार. बाग गेली मग. म्हणून तळ्यात मीठ नाही.

पण तुमच्या हातात एक पत्ता आहे जो रोहूवाल्याकडं नसतो. तुमचा मासा मूळचा खाऱ्या पाण्याचा आहे. हजारी ८-१० मीठ त्याला घरच्यासारखं वाटतं, अन् इकची पोहणारी पिल्लं हजारी ५ च्या पुढं टिकत नाहीत. जिताडे जाळीनं काढा अन् हौदात घ्या. हौद आहे का?

मोसंबीवाला_अंबड
१० जानेवारी, रात्री ८:२८

जनावराचा सिमेंटचा हौद आहे, पाच हजार लिटर. एअर पंप तळ्यावरचा आणता येतो. मासे ६५० च्या आसपास उरले असतील, सरासरी ४०-५० ग्रॅम.

खाडीवरचा_जिंतूरकर
१० जानेवारी, रात्री ९:००

बसतात. जाडं मीठ आणा. पहिल्या दिवशी १५ किलो, दुसऱ्या दिवशी अजून १०, तिसऱ्या दिवशी १५. एकूण ४० म्हणजे हजारी ८. पंप चोवीस तास. वरून ताडपत्री, रात्री ऊब राहील. बोअरचं पाणी हिवाळ्यात कोमट येतं, नवं पाणी पहाटे तेच भरा, पण सरळ नळी बुडवू नका. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, उंचावरून फवाऱ्यानं पाडा.

आता महत्त्वाचं. अंगावरचा ठिपका म्हणजे कातडीच्या आत बसलेला इक, त्याला मीठ, फॉर्मेलिन काही लागत नाही. तो पिकून गळून पडतो, तळाला गाठ होऊन बसतो, त्या गाठीतून शेकड्यानं पिल्लं निघतात. ती बाहेर पडली की मग मीठ त्यांना मारतं. म्हणून रोज संध्याकाळी हौदाचा तळ नळीनं ओढून घ्यायचा अन् औषधपाणी एका दिवसात सोडायचं नाही. पाणी २५ अंशांवर असेल तर फेरा चार-सहा दिवसांत पुरा होतो, १७-१८ वर दोन आठवडेही लागतात. तीन आठवडे धरा.

खायला घालू नका पहिले तीन दिवस. नंतर अगदी थोडं. हौदात अमोनिया साठला तर रोगापेक्षा तोच मारील.

निलंग्याचा_अण्णा
१० जानेवारी, रात्री ९:१५

ते खारं पाणी नंतर कुठं सोडायचं तेबी सांगा. आमच्या शेजाऱ्यानं असंच सोडलं, बांधावरलं लिंबाचं झाड वाळलं.

खाडीवरचा_जिंतूरकर
१० जानेवारी, रात्री ९:२२

अण्णा, कामाचं बोललात. बागेपासून, विहिरीपासून लांब मुरमाड खड्डा.

बार्शीनाका
१० जानेवारी, रात्री १०:४०

रोहू तळ्यातच राहणार ना? मग इक तळ्यात जिवंत राहीलच. परत जिताडे सोडले की परत तेच.

मत्स्यकन्या_उदगीर
११ जानेवारी, सकाळी ८:०५

बरोबर प्रश्न. यजमान, म्हणजे ज्याच्या अंगावर जगायचं तो मासा, नसेल तर इकची पिल्लं दोन-तीन दिवसांत मरतात. पण रोहू आहे म्हणजे यजमान आहे. दोन मार्ग दिसतात. फॉर्मेलिन तळ्यात १५ ते २५ पीपीएम म्हणजे सहा लाख लिटरला ९ ते १५ लिटर, आणि एकदा नाही, दोन-तीन दिवसांआड परत परत. फॉर्मेलिन पाण्यातला ऑक्सिजन खातं, दर ५ पीपीएममागे सुमारे १ पीपीएम. ढगाळ दिवशी पंप बंद पडला तर संपलं. बाटलीच्या तळाला पांढरा साका धरला असेल तर ते वापरूच नये, ते जास्त विषारी. मला तरी एवढ्या मोठ्या तळ्यात हे पटत नाही.

दुसरा मार्ग वाट बघण्याचा. रोहू खातोय, मरत नाहीये. इकमधून वाचलेल्या माशाला पुढे बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती येते. फेब्रुवारी सरता पाणी तापलं आणि २९-३० अंशांवर गेलं की इकचा जोर आपोआप ओसरतो. तोपर्यंत जिताडे बाहेर ठेवता आले तर सगळ्यात स्वस्त.

आणि मॅलाकाइट ग्रीन कुणी सुचवलं तर नाही म्हणा. शोभेच्या माशांना वापरतात म्हणून दुकानात मिळतं. खाण्याच्या माशांत युरोप-अमेरिकेत त्यावर बंदी आहे, कारण ते मांसात साठून राहतं.

गेवराईची_सून
११ जानेवारी, दुपारी १:२०

विषयाला सोडून विचारते. माझे मिस्टर पण पिंजऱ्यातल्या मासेपालनाचं प्रशिक्षण घेऊन आलेत. जायकवाडीत करायचं म्हणतात. जिंतूरकर भाऊ, समुद्रात तुम्हाला कुठले रोग येतात? सगळे सांगा, म्हणजे त्यांना दाखवते.

खाडीवरचा_जिंतूरकर
११ जानेवारी, रात्री १०:३०

ताई, सगळे नाही, जे हातानं बघितले ते सांगतो. जायकवाडी गोडी, तिथं यातले निम्मे येणार नाहीत. पण शिकण्यासारखं आहे.

सगळ्यात जास्त सतावतो कातडीवरचा चपटा कृमी, फ्लूक. पारदर्शक असतो, अंगावर असताना डोळ्यांना दिसत नाही. मासा जाळीला घासतो, डोळे दुधाळ होतात, मग आंधळा होऊन खाणं सोडतो. यावरचं औषध ऐकून मला पहिल्या वर्षी हसू आलं होतं. गोडं पाणी. होडीवर ताडपत्रीचा हौद करायचा, त्यात टँकरचं गोडं पाणी, अन् मासा पाच ते दहा मिनिटं त्यात. कृमी पांढरा पडून गळतो, हौदाच्या तळाला साबुदाणा सांडल्यासारखा दिसतो. ज्या माणसानं लहानपणी हंडा घेऊन टँकरमागं पळापळ केली, त्यानं माशाला गोड्या पाण्यानं आंघोळ घालायची. आईला फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली.

पण एका आंघोळीत भागत नाही. फ्लूकची अंडी दोऱ्यानं जाळीला गुंतलेली असतात, गोडं पाणी त्यांना काही करत नाही. आठवडाभरात फुटतात. म्हणून जाळी बदलायची, वाळवायची, अन् नवी पिल्लं अंडी घालण्याच्या आत दुसरी आंघोळ. आमच्याकडं पहिल्या वर्षी जाळी बदलली नाही. शेवाळ, शिणाणे, कालवं चिकटून जाळीची भोकं बंद, पाणी खेळेना. एका पिंजऱ्यातला चौथा हिस्सा माल गेला.

जिताडा गोडं पाणी आरामात सोसतो. मोडसा तेवढा नाही, त्याच्यावर नजर ठेवावी लागते, कलंडला की लगेच बाहेर.

दुसरा, व्हिब्रिओ. हा जिवाणू समुद्राच्या पाण्यात कायमच असतो, जखमेची वाट बघत. जिताडा आपल्याच भावंडांना गिळतो, म्हणून लहानपणी सतत आकारानुसार निवड करावी लागते. निवड करताना जाळीनं खवले निघाले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाल चट्टे, कुजलेले पर, बाहेर आलेले डोळे. आमचे साहेब म्हणायचे औषध आणा. म्हातारा खलाशी म्हणायचा हात हलका ठेवा. गाठी नसलेली जाळी आणली, निवड सकाळच्या गारव्यात करायला लागलो, आदल्या दिवशी उपाशी ठेवायला लागलो. निम्मा त्रास गेला.

तिसऱ्याला औषधच नाही. व्हीएनएन, मेंदू अन् डोळ्याचा पडदा खाणारा विषाणू. बारकी पिल्लं काळी पडून भोवऱ्यासारखी फिरतात अन् मरतात. आईकडून अंड्यात येतो. चेन्नईच्या सिबा संस्थेनं त्यावर लस काढली आहे. पण विकत घेणाऱ्यानं बीज तपासून घेणं एवढंच हातात. एका पुरवठादारानं आम्हाला दिलेल्या बिजात हेच निघालं होतं, तेव्हापासून चाचणीचा कागद बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

अन् खाद्य. स्वस्त पडतं म्हणून तारली अन् कचरा मासळी घालत राहिलं तर रोग विकत घेतल्यासारखं. वर तारलीत थायमिनेज असतं, ते माशाच्या अंगातलं ब-१ जीवनसत्त्व मोडतं.

फवारणी_किंग
११ जानेवारी, रात्री ११:०५

व्हिब्रिओला अँटिबायोटिक देत नाही का मग? कोंबड्यांना देतात तसं.

मत्स्यकन्या_उदगीर
१२ जानेवारी, सकाळी ७:४०

देतात, पण किंग दादा, तिथं पण मेख आहे. ऑक्सिटेट्रासायक्लिन समुद्राच्या पाण्यात टाकलं तर पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याला धरून ठेवतं, त्यामुळे आंघोळ जवळपास वाया. खाद्यातून द्यावं लागतं, अमेरिकेत किलोमागे रोज ५५ ते ८३ मिलिग्रॅम, १० दिवस, आणि त्यानंतर २१ दिवस मासा विकायचा नाही. आजारी मासा खातच नसेल तर औषध पोटात जाणार कसं? म्हणून ते अजून न पडलेल्या माशांसाठी. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांवर आपल्याकडं मत्स्यपालनात बंदी आहे. बाकीचं पण तज्ज्ञाच्या चिठ्ठीशिवाय नको.

नॉर्वेचं उदाहरण आमचे सर नेहमी देतात. १९८७ मध्ये तिथं सामनला सुमारे ४८ टन अँटिबायोटिक गेलं. लस आली, आणि १९९६ पर्यंत ते एका टनाच्या आसपास आलं. सामनचं उत्पादन मात्र त्याच काळात कितीतरी पट वाढलं.

गेवराईच्या ताई, जायकवाडीत तुमच्या मिस्टरांना आर्ग्युलस म्हणजे माशाची ऊ नक्की भेटेल, रोहू-कटल्यावर तर हमखास. ती अंडी कडक पृष्ठभागावर घालते. पाण्यात बांबू किंवा लाकडी फळ्या उभ्या करा, आठवड्याने काढून कडक उन्हात वाळवा. औषध लागत नाही.

बार्शीनाका
१२ जानेवारी, सकाळी ९:१०

हे बांबूचं आमच्या तळ्यावर करून बघितलंय. चालतं. फक्त विसरून तसाच ठेवला तर आपणच उवांचं माहेरघर बांधून दिल्यासारखं होतं.

मोसंबीवाला_अंबड
१४ जानेवारी, रात्री ९:५०

संक्रांतीचा अपडेट. तिळगूळ घ्या. ६३८ मासे हौदात आले. जाळी ओढताना जिंतूरकर दादांचं ऐकून हात हलका ठेवला, तरी काहींचे खवले गेले. मीठ ४० किलो झालं. किराणावाला विचारायला, सगळ्या तालुक्याचं लोणचं घालायलाव का. काल ११ मेले, आज ४. आईनं हौदावर जुनी गोधडी टाकली, पाणी सकाळी २१ निघालं.

ठिपके अजून आहेत. म्हणजे गुण नाही का?

खाडीवरचा_जिंतूरकर
१४ जानेवारी, रात्री १०:०२

ठिपके राहणारच, ते पिकून पडेपर्यंत. मेलेल्यांचा आकडा बघा, ठिपके बघू नका. तळ ओढता ना रोज? अन् ओढायला वापरलेली नळी, बादली, जाळी तळ्याकडं न्यायची नाही. तळ्याची वेगळी, हौदाची वेगळी. गड्याला दोन रंगाच्या बादल्या द्या.

मोसंबीवाला_अंबड
३ फेब्रुवारी, रात्री ८:३५

५९४ जिवंत. नऊ दिवसांत एकही मेला नाही. अंग साफ, खायला घातलं की पाणी उडवतेत. दर चार दिवसांनी अर्धं पाणी बदललं, त्या हिशोबानं मीठ घातलं. चार मासे परत तपासून आणले, कल्ल्यावर काही नाही. रोहू तळ्यात मजेत आहे, ठिपके त्याच्यावरचेबी गेले.

८०० तले दोनशेवर गेले, पण मोरचूद टाकलं असतं तर सगळंच गेलं असतं. मोरचूद बागेलाच वापरलं, बोर्डो करून.

जिताडे तळ्यात कधी सोडू? आज पहाटे तळं २० होतं.

खाडीवरचा_जिंतूरकर
३ फेब्रुवारी, रात्री ९:१२

घाई नको. पहाटेचं पाणी सलग आठ दिवस २५ च्या वर आलं की. त्याआधी हौदातलं मीठ चार-पाच दिवसांत कमी करत आणा, एकदम गोड्यात टाकू नका. अन् पुढच्या हिवाळ्याच्या आधी विका. ऑक्टोबरला जेवढे होतील तेवढे. नोव्हेंबर बघायचाच नाही.

निलंग्याचा_अण्णा
३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

विकताना एक निलंग्याला पाठवा. समुद्राचा मासा हौदात कसा लागतो ते बघतो.

मोसंबीवाला_अंबड
३ फेब्रुवारी, रात्री ९:४१

अण्णा, दोन पाठवतो. थर्मामीटर दोरीनं हौदाला बांधलाय, पोरं ताप मोजायला घेऊन पळायलीत.